पोच नसलेले अर्ज

महाराष्ट्रातल्या कोणत्याही तहसील कचेरीच्या आवारात, लिंबाच्या झाडाखाली टेबल टाकून अर्ज लिहून देणाऱ्या माणसाला जर कोणी विचारले की निराधार विधवेच्या अर्जात कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न किती घालायचे, तर तो मान वर न करता 'वीस हजार, फार तर एकवीस' असे सांगेल. कारण संजय गांधी निराधार अनुदान योजनेची उत्पन्नमर्यादा २१,००० रुपये आहे हे त्याला ठाऊक असते, तलाठ्याला ठाऊक असते, दाखला देणाऱ्या अधिकाऱ्यालाही ठाऊक असते, आणि ज्या घरात दोन माणसे जिवंत आहेत त्या घराचे वर्ष एवढ्यात निभणे शक्य नाही हेही या सर्वांना तितकेच ठाऊक असते. २१,००० म्हणजे महिन्याला १,७५० रुपये, रोजचे सत्तावन्न-अठ्ठावन्न. आणि तेही एका माणसाचे नव्हे, कुटुंबाचे. दिव्यांग अर्जदारांना या मर्यादेत काही सवलत आहे, आणि दारिद्र्यरेषेखालच्या यादीत ज्यांचे नाव आहे त्यांना तिचा जाच होत नाही. परंतु ग्रामीण भागातली ती यादी २००२ सालच्या पाहणीवर आधारलेली असल्याने, त्यानंतर विधवा झालेल्या, नवऱ्याने टाकलेल्या किंवा दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेल्या माणसाला अखेर उत्पन्नाच्या दाखल्याच्याच वाटेने जावे लागते.

या व्यवस्थेतली खरी हानी पैशाची नव्हे. राज्यातल्या सर्वांत दुबळ्या माणसाला राज्याशी पहिला व्यवहार करताना एक असत्य प्रतिज्ञापूर्वक लिहून द्यावे लागते, आणि ते असत्य आहे हे ठाऊक असूनही कचेरी ते रुजू करून घेते, तेव्हा त्या अर्जदाराला मिळणारी रक्कम ही हक्काची न राहता मेहेरबानीची होते. दाखला खोटा आहे म्हणून उद्या तक्रार करण्याची धमकी गावातला कोणीही देऊ शकतो. मतदानाच्या आदल्या दिवशी तर ती न बोलताही देता येते. ज्याच्या हाती दुसऱ्याचे गुपित असते त्याच्या दाराशी त्या दुसऱ्याला वाकून उभे राहावे लागते. गरिबीपेक्षा हे वाकणे अधिक दीर्घकाळ टिकते.

याच राज्यात दुसरा एक हिशेब आहे, तो या पहिल्या हिशेबाशेजारी मांडून पाहावा. केंद्राच्या २००५ सालच्या कायद्याने ग्रामीण कुटुंबाला वर्षाकाठी शंभर दिवस अंगमेहनतीच्या कामाची हमी दिली, आणि २०२५-२६ सालासाठी महाराष्ट्रात त्या कामाची मजुरी रोजी ३१२ रुपये ठरवण्यात आली. शंभर दिवसांचे ३१,२०० होतात. म्हणजे एखाद्या विधवेच्या घरातल्या मुलाने सरकारनेच काढलेल्या कामावर, सरकारनेच ठरवलेल्या दराने अडुसष्ट दिवस माती वाहिली, तर त्याची आई अडुसष्टाव्या दिवशी संध्याकाळी निराधार राहात नाही. एका खात्याने दिलेली हमी पुरी वसूल केली तर दुसऱ्या खात्याच्या दारातून बाहेर पडावे लागते, हा विरोधाभास कोणा कारकुनाच्या नजरचुकीने आलेला नाही. मजुरीचा दर दरवर्षी वाढत गेला आणि मर्यादेच्या आकड्याकडे कोणी वळून पाहिलेच नाही, म्हणून तो आला आहे.

आणि तिसरा हिशेब अगदी ताजा आहे. २०२४ च्या जुलैपासून 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेखाली २१ ते ६५ वयाच्या स्त्रियांना महिन्याला १,५०० रुपये देण्यास प्रारंभ झाला. तेथे कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची आहे. निराधार विधवेलाही १,५०० रुपयेच मिळतात. जिच्या घरात अडीच लाख येतात तिला आणि जिच्या घरात एकवीस हजारही येऊ नयेत अशी अट आहे तिला एकच रक्कम, आणि पहिलीचा अर्ज मात्र काही आठवड्यांत मंजूर झाला, तर दुसरीचा तालुका समितीच्या बैठकीची वाट पाहत पडून राहिला. बहिणींना काही मिळू नये असे माझे म्हणणे नाही; स्वतःच्या नावावर हजार-पंधराशे रुपये येण्याचे मोल ज्या स्त्रीला आयुष्यात प्रथमच कळले तिच्या आनंदाची चेष्टा करणाऱ्यांच्या पंक्तीला मला बसायचे नाही. पण निवडणुकीच्या तोंडावर शासनयंत्रणा किती चपळ होऊ शकते याचा पुरावा या योजनेने ठेवला आहे, आणि तो पुरावा त्याच यंत्रणेच्या विरुद्ध वापरण्याचा अधिकार निराधारांना आहे.

संकटात सापडलेल्या माणसाला राज्याने मदत करावी की नाही, हा वाद आपल्याकडे जुना आणि आता बराचसा निरर्थक आहे. राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदाने, राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत का होईना, बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता या प्रसंगी सार्वजनिक साहाय्याचा हक्क मार्गदर्शक तत्त्वांत लिहून ठेवला आहे. खरा प्रश्न असा की ही मदत कोणत्या रूपाने यावी: शासन निर्णयाच्या कागदावर, जो आज निघतो आणि उद्या दुसऱ्या कागदाने रद्द होतो, की विधिमंडळाच्या कायद्याने, ज्याचे कलम दाखवून एखादा अक्षरशत्रू मजूरही मामलेदाराला जाब विचारू शकतो. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी महाराष्ट्राला परदेशी जाण्याचे प्रयोजन नाही.

१८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खनमधले लोक सरकारी कामांवर खडी फोडीत होते, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या वतीने पाहणीस आलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडी रोकड पुरेशी आहे असे ठरवले. त्याआधी बिहारच्या दुष्काळात सढळ हाताने खर्च केल्याबद्दल याच गृहस्थांना टीका सोसावी लागली होती, आणि त्या अनुभवातून ते जे शिकले त्याची किंमत पुणे-सोलापूरकडच्या मजुरांनी भरली. मजुरी कापली तेव्हा हजारोंनी कामे सोडली; गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू अर्जांतून सरकारपुढे मांडली. टेंपलसाहेब पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले, हे त्या काळच्या रिवाजाला धरूनच झाले. परंतु या अनुभवानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाच्या १८८० च्या अहवालातून दुष्काळी संहिता निघाली, आणि ती कितीही कृपण असली तरी तिने एक गोष्ट कागदावर आणली: अमुक परिस्थितीत सरकारने अमुक केलेच पाहिजे.

१८९६ साली पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा लोकमान्य टिळकांनी या एका गोष्टीचे मर्म ओळखले. 'केसरी'तून आणि सार्वजनिक सभेच्या प्रचारकांकरवी त्यांनी कुणब्याला सांगितले की पीक बुडाले असता सारा तहकूब वा माफ करून घेण्याची तरतूद सरकारच्याच नियमांत आहे. तेव्हा घरदार विकून सारा भरू नका, नियमावर बोट ठेवून मागा. टिळकांनी त्या वेळी वर्गणी गोळा करून अन्नछत्रे काढण्यावरच भर दिला असता तर सरकारला ते बहुधा रुचले असते. त्यांनी नियम वाचून दाखवले, आणि १८९७ साली सरकारने सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली. दान मागणाऱ्याचा सत्तेला कधीच फारसा राग येत नाही. नियमाची प्रत हातात घेऊन येणाऱ्याचा येतो.

पंचाहत्तर वर्षांनी १९७२ चा दुष्काळ आला. ज्यांनी तो पाहिला ते लोक आता सत्तरीच्या घरात आहेत, आणि त्यांच्या तोंडी अजून 'मिलो' आणि 'सुकडी' हे शब्द येतात: परदेशातून आलेली ती लालसर, घशाखाली न उतरणारी ज्वारी, आणि कामाच्या जागी मुलांच्या ओंजळीत पडणारे ते गोडसर पीठ. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख माणसे होती. पाझर तलावाच्या भिंतीवर माती टाकणारे, नालाबंडिंगच्या चौकड्या खोदणारे, आणि रस्त्याच्या कडेला फतकल मारून हातोडीने खडी फोडणाऱ्या बाया, ज्यांच्या ढिगाची मोजणी मुकादम शनिवारी करी आणि माप थोडे कमी भरले तर आठवड्याची मजुरी कापून हजेरीपटावर आकडा मांडी. विपत्ती इतकी मोठी असून तिच्यात भूकबळींचे डोंगर उठले नाहीत, हे वसंतराव नाईक यांच्या कारकिर्दीतल्या प्रशासनाचे निर्विवाद यश होते. मात्र कामे होती ती टंचाईची कामे. पाऊस पडला की बंद होणारी.

ती बंद होऊ नयेत, काम मागणे हा नेहमीसाठीच ग्रामीण माणसाचा अधिकार व्हावा, असा ध्यास विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी घेतला होता. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात रोजगार हमी योजनेचा प्रयोग दुष्काळाच्या आधीच झालेला होता. राज्यभर कायद्याचे रूप तिला १९७७ साली मिळाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम अमलात आला. दोन्ही सभागृहांनी तो एकमताने मंजूर केला, ही गोष्ट आजच्या विधानभवनाकडे पाहून खरी वाटत नाही. त्याहूनही नवलाची गोष्ट पैशाची होती. खर्च कोठून करायचा हे ठरवल्यावाचून योजना जाहीर करण्याची चाल तेव्हा पडलेली नव्हती; १९७५ साली व्यवसायकराचा कायदा झाला, शहरातल्या पगारदाराच्या वेतनातून तो कापला जाऊ लागला, आणि त्या उत्पन्नाएवढीच रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून घालावी असे ठरले. मुंबईच्या किंवा पुण्याच्या कचेरीत काम करणाऱ्या माणसाच्या पगारपत्रकात आजही दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात. हा पैसा मुळात माण-आटपाडीच्या मजुराला काम देण्यासाठी मागितला होता, याची त्याला बहुधा वार्ताही नसते. शहराने खेड्याच्या हमीचा भार उचलावा हा करार एका पिढीने लिहिला आणि पुढच्या पिढीने तो कपातीच्या रकान्यात विसरून टाकला.

या कायद्याचे हृदय कोठे होते, असे मला कोणी विचारले तर मी कामाकडे किंवा मजुरीकडे बोट दाखवणार नाही. ते पोचेत होते. मजुराने 'नमुना चार' भरून काम मागायचे आणि ग्रामसेवकाने त्याला तारीखवार पोच द्यायची. त्या तारखेपासून पंधरा दिवस मोजायचे, आणि तेवढ्यात काम मिळाले नाही तर बेकारभत्ता द्यायचा. केंद्राच्या कायद्याने पुढे मजुरीच्या विलंबालाही नुकसानभरपाई लावली. चतकोर कागदाचा हा तुकडा हातात पडला की अर्जदाराचा दावेदार होतो, आणि घड्याळ सरकारच्या विरुद्ध चालू लागते. म्हणूनच ग्रामसेवक पोच द्यायला टाळतो. रोजगार हमीच्या कार्यकर्त्यांनी गेल्या दोन-तीन दशकांत जी आंदोलने केली त्यांतली निम्मी या पोचेसाठी होती, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

कायदा झाला म्हणजे सारे मंगल झाले, असे मी म्हणत नाही. बोगस हजेरीपटांनी, ठेकेदारांच्या यंत्रांनी आणि पहिल्याच पावसात वाहून गेलेल्या रस्त्यांनी रोजगार हमीची जी अपकीर्ती केली ती काही शत्रूंनी रचलेली नव्हती. १९८८ साली मजुरीचा दर मोठ्या प्रमाणावर वाढला तेव्हा कामावरची उपस्थिती वाढण्याऐवजी घटली. ज्या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला त्यांना असे आढळले की कलम न बदलता, केवळ कामे कमी उघडून, हमी शिधावाटपासारखी मोजूनमापून देण्यात आली. कायदा कसा मुका करता येतो हे यंत्रणेला नीट कळते. तरीही मुका केलेला कायदा आणि नसलेला कायदा यांत अंतर आहे: पहिल्याला न्यायालयात बोलते करता येते.

निराधार योजनेला असा आधार नाही. १९८० पासून ती चालत आली, अनेक मंत्रिमंडळे आली-गेली, कोणी ती बंद केली नाही, हे मान्य. पण तिची रक्कम वाढणार केव्हा, हे ज्या त्या सरकारच्या लहरीवर अवलंबून राहिले. सहाशेचे हजार व्हायला २०१९ उजाडले, हजाराचे दीड हजार २०२३ साली झाले. केंद्राची तऱ्हा तर याहून शोचनीय आहे: साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरीब वृद्धाला केंद्र सरकार आपल्या हिश्शाचे महिन्याला २०० रुपये देते, आणि हा आकडा जवळजवळ वीस वर्षांत हललेला नाही. त्याच सरकारच्या कर्मचाऱ्याचा महागाई भत्ता जानेवारीत आणि जुलैत, वर्षातून दोनदा, निर्देशांक पाहून वाढवला जातो, आणि ते योग्यच आहे. डाळीचा भाव मंत्रालयातल्या अवर सचिवाला लागतो तसाच वाडीतल्या म्हातारीलाही लागतो, एवढेच माझे म्हणणे.

मंजुरीची रीतही पाहण्यासारखी आहे. तालुक्याला एक समिती असते, तहसीलदार तिचे सचिव, आणि अध्यक्ष पालकमंत्र्यांच्या शिफारशीने येणारा अशासकीय गृहस्थ. हे पद कार्यकर्त्याच्या निष्ठेचे बक्षीस म्हणून वाटले जाते हे तालुक्याच्या राजकारणात सर्वविदित आहे, आणि सरकार बदलले की समित्या बरखास्त होऊन नव्या येईपर्यंत अर्जांचे गठ्ठे पडून राहतात. मंजुरीनंतरही उपद्व्याप संपत नाही. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा, उत्पन्नाचे कागद नव्याने जोडायचे, बँकेचे खाते आधारशी जोडलेले आहे ना याची खातरजमा करायची. ज्या बाईने तरुणपणी खडी फोडली तिच्या अंगठ्यावरच्या रेषा झिजून गेलेल्या असतात. बँकमित्राच्या छोट्या यंत्रावर ती अंगठा टेकवते, यंत्र नकार देते, तो तिला पदराला बोट पुसायला सांगतो, मग डोक्याला किंचित तेल असेल तर तेथे घासायला सांगतो, मग दुसरे बोट, मग तिसरे, आणि मागे उभ्या असलेल्या रांगेची कुजबुज वाढू लागते तेव्हा 'आजी, उद्या या' असे म्हणून तिला बाजूला करतो. १,५०० रुपयांच्या अनुदानातून एस.टी.चे अर्धे का होईना, भाडे आणि झेरॉक्सचे पैसे वजा करून काय उरते, हे कोणत्याही अहवालात येत नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की फुकटच्या पैशाने माणसे आळशी होतात आणि शेतीला मजूर मिळत नाही. धडधाकट माणसाबद्दल हा आक्षेप असेल तर त्याला रोजगार हमीने उत्तर दिलेलेच आहे: उन्हात आठ तास माती उचलण्याची ज्याची तयारी आहे त्याच्या गरजेची आणखी कसोटी घेण्याचे कारण नाही. परंतु सत्तरीची विधवा, पक्षाघाताने एक बाजू गेलेला मनुष्य, आईबापांविना वाढणारी पोर, यांना आळशी ठरवण्याचे धाडस आक्षेपकही करणार नाहीत. ते फक्त त्यांची नावे न घेता 'रेवडी' हा एकच शब्द सर्वांवर फेकतात. तिजोरीची चिंता मात्र खरी आहे. एकट्या लाडकी बहीण योजनेसाठी २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६,००० कोटी रुपये ठेवावे लागले आणि त्यासाठी नवा कर कोणी मागितला नाही. आधी अर्ज सरसकट स्वीकारायचे, मग निवडणूक आटोपल्यावर छाननी लावायची, सरकारी नोकरीतल्या स्त्रियांची नावे यादीत सापडली म्हणून आश्चर्य व्यक्त करायचे, आणि ई-केवायसीसाठी पतीचा किंवा पित्याचा आधार क्रमांक मागून विधवांना व एकट्या स्त्रियांना पुन्हा सेतू केंद्राच्या पायऱ्या झिजवायला लावायच्या, हा क्रम पाहिला म्हणजे पागे यांच्या पिढीने आधी कराचा कायदा का केला ते उमजते. उदारपणा ज्याला टिकवायचा आहे तो आधी जमेची बाजू लिहितो.

मग करावे काय? निराधार, वृद्ध आणि दिव्यांग यांच्या अनुदानाचा राज्याने कायदा करावा, आणि त्यात नमुना चारची सारी शिस्त आणावी: अर्जाची तारीखवार पोच, निर्णयाची मुदत, नामंजुरीचे लेखी कारण, दरमहा ठरलेली तारीख, ती चुकल्यास भरपाई, आणि महागाई भत्त्याबरोबर चालणारी रक्कम. समितीच्या अध्यक्षपदाची मग गरज उरत नाही, आणि या कायद्याला विरोध होईल तो मुख्यतः तेवढ्यासाठीच होईल. दाखले मुदतीत मिळावेत म्हणून २०१५ साली लोकसेवा हक्काचा कायदा करणाऱ्या विधिमंडळाला हे अवघड नाही. वेळ मात्र लागेल, आणि अधिवेशने आजकाल किती दिवस चालतात ते आपण पाहतोच.

एकवीस हजारांची मर्यादा बदलायला तेवढाही वेळ लागू नये. रोजगार हमीच्या शंभर दिवसांची मजुरी जेवढी होईल त्याच्या दुप्पट, असे एक वाक्य सामाजिक न्याय व विशेष साहाय्य विभागाने शासन निर्णयात घातले की मजुरीचा दर वाढेल तशी मर्यादा आपोआप वाढत जाईल आणि पुन्हा पंधरा वर्षे कोणी तिच्याकडे पाहिले नाही तरी बिघडणार नाही. २०२५-२६ च्या दराने ती ६२,४०० होते. या आकड्याने लाभार्थी किती वाढतील याचा अंदाज वित्त विभागाने आधी मांडावा, व्यवसायकराच्या उत्पन्नातला किती हिस्सा त्याकडे वळवता येईल ते सांगावे, आणि मार्चच्या अर्थसंकल्पात तशी तरतूद दाखवावी. लाडक्या बहिणीचा शासन निर्णय २०२४ च्या जूनअखेर निघाला आणि स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास पैसे खात्यात पडू लागले. तेवढी मुदत या वाक्यालाही पुष्कळ झाली.